खासदाराकडं अर्ज नको, प्रश्न घेऊन जा

मिरजेत माझं टायपिंगचं आणि अर्ज लिहून द्यायचं दुकान आहे. वारसनोंद, पेन्शन, मोजणीची तक्रार, जे येईल ते लिहून देते. संसदेचं अधिवेशन तोंडावर आलं की एका जातीचे कागद वाढतात. वर मायना असतो, "मा. खासदारसाहेब यांचे सेवेशी". मजकूर दोन पानी, सह्या तीन पानी, शेवटी "तरी साहेबांनी जातीनं लक्ष घालावे". लोक ते घेऊन साहेबांच्या कार्यालयात जातात, पीए शिक्का मारून पोच देतो, फोटो निघतो. पुढं एक पत्र मंत्र्यांकडं जातं, मंत्र्यांचं उत्तर येतं की आपले पत्र मिळाले, संबंधितांकडे पाठवले आहे. झालं काम!

अर्जाला उत्तर द्यायलाच पाहिजे असं मंत्र्यावर बंधन नाही. संसदेत विचारलेल्या प्रश्नाला ते असतं, तेसुद्धा ठरलेल्या दिवशी, छापील आणि मंत्र्याच्या नावानिशी. म्हणून माझ्याकडं येणाऱ्याला मी आधी विचारते, "तात्या, तुम्हाला साहेबांचं पत्र पाहिजे का सरकारचं उत्तर?" उत्तर पाहिजे असेल तर पुढं वाचा.

आपला खासदार कोण, हे आधी बघा

सांगली जिल्ह्यातला म्हणून सांगलीचा खासदार, असं प्रत्येक वेळी नसतं. इस्लामपूर आणि शिराळा हे विधानसभा मतदारसंघ हातकणंगले लोकसभेत आहेत. सांगली लोकसभेत मिरज, सांगली, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि जत. साताऱ्याकडं फलटण आणि माण हे माढा लोकसभेत जातात. वाई, कोरेगाव, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा एवढेच सातारा लोकसभेत. खटाव तालुक्यातल्या माणसानं तर आपली विधानसभा कुठली ते मतदार यादीत बघूनच ठरवावं. चुकीच्या दारात गेलं तर कुणी हाकलून देत नाही, पण कागद इकडून तिकडं फिरण्यात अधिवेशन संपून जातं.

लोकसभेत ५४३ जागा, त्यातल्या महाराष्ट्राच्या ४८. राज्यसभेत २४५, त्यातले महाराष्ट्रातून निवडून गेलेले १९. राज्यसभेचे सदस्य अख्ख्या राज्याचे, त्यामुळं जतच्या माणसाला त्यांतल्या कुणाकडंही जाता येतं. हे लक्षात ठेवायचं कारण असं की आपला लोकसभेचा खासदार मंत्री झाला असेल तर तो प्रश्न विचारू शकत नाही. मंत्री उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर बसतो. आपला माणूस मंत्री झाला म्हणून गावात फटाके वाजतात, पण प्रश्नापुरतं दुसरं दार शोधावं लागतं.

विषय दिल्लीचा आहे का

माझ्याकडं येणारे निम्मे अर्ज इथंच परत फिरतात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: केंद्राची, राज्याची आणि दोघांची समाईक. पोलीस, जमीन, ग्रामपंचायत, दवाखाना, बाजार समिती हे राज्याचे विषय. त्यावर संसदेत प्रश्न दिला तर एक तर तो नाकारला जातो, नाही तर "हा विषय राज्य सरकारच्या अखत्यारीत आहे" एवढं एक वाक्य हातात पडतं. तो कागद आमदाराकडं न्यायचा.

रस्त्याचं ओळखायला सोपं आहे. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे दिल्ली. हिरवं असेल तर राज्यमार्ग, म्हणजे मुंबई. साताऱ्या-कराडावरून जाणारा ४८ नंबर आणि मिरजेवरून जाणारा १६६ नंबर हे पिवळ्या डोक्याचे.

उसाचं मात्र गुंतागुंतीचं आहे, आणि आमच्याकडं सगळ्यात जास्त अर्ज उसाचेच. एफआरपी म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच किमान भाव. तो किती, हे केंद्र ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी टनाला ३,५५० रुपये ठरली. ती १४ दिवसांत द्यायची, हेही केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. पण कारखान्यानं थकवली तर वसुलीचं काम पुण्याच्या साखर आयुक्तांचं, म्हणजे राज्याचं. तेव्हा "आमची एफआरपी मिळाली नाही" हा दिल्लीचा प्रश्न होत नाही. "एफआरपी ठरवताना तोडणी-वाहतुकीचा खर्च कसा धरला" हा होतो.

बरं, हा प्रश्न कुणाला विचारायचा? लोक डोळे झाकून कृषिमंत्री लिहितात. एफआरपी अन्न व सार्वजनिक वितरण खात्याकडं आहे. त्याच उसाच्या इथेनॉलची तेल कंपन्यांकडून होणारी खरेदी पेट्रोलियम मंत्रालयाकडं. हळदीचं राष्ट्रीय मंडळ जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला सुरू झालं, ते वाणिज्य मंत्रालयाखाली. द्राक्षाची निर्यातही वाणिज्यकडं, पण द्राक्षाचा विमा कृषीकडं. मंत्रालय चुकलं तर प्रश्न योग्य खात्याकडं वळवतात खरा, पण प्रत्येक खात्याचा उत्तराचा वार ठरलेला असतो. वळवावळवीत तुमचा वार निघून जातो.

महापुराचं आणखी वेगळं. आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेलं की सांगलीत जो तो कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचं नाव घेतो. आंतरराज्य नदी हा केंद्राच्या अखत्यारीतला विषय आहे, पण कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निवाड्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे आणि न्यायप्रविष्ट बाबीवर प्रश्न चालत नाही. तिथं "धरणाची उंची वाढवू नका" असं लिहिण्यापेक्षा केंद्रीय जल आयोगाची पूर-पूर्वानुमान केंद्रं कृष्णेवर कुठं कुठं आहेत आणि मागच्या पुरात त्यांनी किती तास आधी इशारा दिला, हे विचारावं. ती माहिती सरकारकडं असते आणि द्यावी लागते.

कायद्याच्या वेळी खासदाराचा हात बांधलेला असतो

संसद तीन कामं करते. कायदे करते, सरकारच्या खर्चाला मंजुरी देते आणि सरकारला जाब विचारते. टीव्हीवर दिसतं ते पहिलं काम. पण विधेयकावर मतदान आलं की पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश निघतो, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. तेव्हा "साहेब, त्या कायद्याच्या विरोधात मत द्या" असं सांगायला शिष्टमंडळ घेऊन जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. सांगलीनं २०२४ ला अपक्ष निवडून दिला. अपक्षाला व्हिप नाही, पण चर्चेतला वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो, तेव्हा त्याच्या वाट्याला मिनिटं मोजकीच.

प्रश्नाला व्हिप नसतो. सत्ताधारी, विरोधी, अपक्ष, सगळ्यांच्या प्रश्नांच्या सूचना (नोटिसा) एकाच सोडतीत पडतात, आणि सोडतीत पक्ष बघत नाहीत. सामान्य माणसाला संसदेत हात घालायला एवढी मोकळी जागा दुसरी नाही.

प्रश्न कसा लिहायचा

प्रश्न दोन प्रकारचे. तारांकित म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे २० यादीत असतात, त्यातले चार-पाचच प्रत्यक्षात पुकारले जातात, बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवतात. अतारांकित म्हणजे फक्त लेखी उत्तर. ते दिवसाला २३०. राज्यसभेत हेच आकडे १५ आणि १६०. एका खासदाराचे लोकसभेत एका दिवसाच्या यादीत जास्तीत जास्त पाच प्रश्न बसतात, त्यात तारांकित एकच.

लोकांना तारांकितचं आकर्षण. टीव्हीवर दिसतं ना! मी सांगते, गावचं काम असेल तर अतारांकितच मागा. स्थानिक तपशील आणि आकडेवारी असली की तारांकित दिलेला प्रश्नही बहुधा अतारांकितात टाकतात. शिवाय आपल्याला भाषण नको आहे, आकडा आणि तारीख पाहिजे, आणि ती कागदावरच पाहिजे.

आता एक नमुना घेऊ. समजा, पुणे–मिरज रेल्वेमार्गावर तुमच्या गावचं फाटक बंद करून भुयारी मार्ग केला आहे आणि पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साठतं. लोक मला साधारण असं लिहून आणतात:

"रेल्वेच्या निष्काळजी अधिकाऱ्यांमुळे आमच्या गावातील शाळकरी मुले जीव मुठीत धरून प्रवास करीत असून, या अन्यायाबद्दल मंत्रीमहोदयांना काय वाटते? हे काम त्वरित करावे ही नम्र विनंती."

यातलं एकही वाक्य टिकणार नाही. नियम स्पष्ट आहेत: प्रश्नात युक्तिवाद नको, निष्कर्ष नको, टोमणे नकोत, विशेषणं नकोत, आरोप नकोत, मंत्र्याचं मत विचारायचं नाही, आणि एकूण मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. "निष्काळजी" हे विशेषण, "अन्याय" हा निष्कर्ष, "काय वाटते" हे मत, आणि शेवटची तर विनंतीच. पीएनं हे जसंच्या तसं पुढं पाठवलं तर संसदेच्या सचिवालयात कात्री लागते किंवा प्रश्न नामंजूर होतो.

आता हे बघा:

"रेल्वे मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय:
(अ) मध्य रेल्वेच्या पुणे–मिरज मार्गावर एकूण किती भुयारी मार्ग आहेत व त्यांपैकी किती ठिकाणी गेल्या तीन वर्षांत पावसाळ्यात पाणी साचून वाहतूक बंद पडली;
(आ) त्यांत किलोमीटर अमुक येथील, अमुक गावाजवळील भुयारी मार्गाचा समावेश आहे काय;
(इ) सदर ठिकाणी निचऱ्यासाठी कोणते काम, किती रकमेचे मंजूर झाले व आतापर्यंत किती खर्च झाला;
(ई) हे काम कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होणे अपेक्षित आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय?"

मुलांचं नाव नाही, दुःख नाही, राग नाही. माझ्या दुकानात बायका म्हणतात, "ताई, हे फार कोरडं झालं." कोरडंच पाहिजे. कोरड्या प्रश्नाला बगल देता येत नाही.

दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिली, "सांगली जिल्ह्यात" असं न लिहिता "पुणे–मिरज मार्गावर" लिहिलं. रेल्वेची उत्तरं वाचायची सवय लागली की कळतं, जिल्हा म्हटला की एक ठरलेलं वाक्य येतं: रेल्वेचे प्रकल्प राज्यनिहाय किंवा जिल्हानिहाय नव्हे, क्षेत्रीय रेल्वेनिहाय मंजूर होतात. त्या वाक्यानं अर्धं उत्तर संपतं. रेल्वे ज्या हिशेबात बोलते त्याच हिशेबात विचारा, ती पळवाट आधीच बंद होते. दुसरी, सुरुवात सगळ्या मार्गापासून केली. फक्त एका गावाचं विचारलं तर बाब फारच किरकोळ म्हणून बाजूला पडू शकते. सगळ्या मार्गाचं विचारलं तर रहिमतपूर, मसूर, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सगळीकडचा आकडा येतो आणि तुमच्या गावाबरोबर आणखी चार गावं तुमच्या मागं उभी राहतात.

"किलोमीटर अमुक" कसं शोधायचं? रुळाकडेच्या विजेच्या खांबांवर आकडे रंगवलेले असतात, एक किलोमीटरचा आणि एक त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. रस्त्यावर उभं राहून त्याचा फोटो काढा, रुळावर चढू नका. खासदाराच्या पीएला गावाचं नाव कळतं, रेल्वेच्या फायलीला खांब कळतो.

वेळ

अधिवेशनं वर्षाला साधारण तीन: जानेवारीअखेरीस सुरू होणारं अर्थसंकल्पी, जुलै-ऑगस्टचं पावसाळी आणि नोव्हेंबर-डिसेंबरचं हिवाळी. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, एवढंच घटनेत आहे, बाकी तारखा सरकार ठरवतं. प्रश्नाची सूचना उत्तराच्या दिवसाआधी किमान १५ पूर्ण दिवस द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्याची बातमी वाचून जो उठतो, त्याचे पहिले दोन आठवडे गेलेच.

म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात पीएला गाठा. साहेबांना नाही, पीएला. साहेब लग्नात भेटतात, प्रश्न पोर्टलवर चढवायचं काम दिल्लीतल्या किंवा इथल्या एखाद्या सहायकाच्या हातून होतं. त्याला एका पानात द्या: वर मंत्रालय, खाली प्रश्न, त्याखाली दोन ओळींत पार्श्वभूमी. मराठीबरोबर हिंदी किंवा इंग्रजी मसुदाही द्या. खासदाराला सभागृहात मराठीत बोलता येतं, पण प्रश्नाची सूचना मराठीत दिली तर भाषांतर करत बसायला त्या पोराला वेळ नसतो. आणि तोच प्रश्न दुसऱ्या खासदारालाही दिला तर बिघडत नाही. सोडतीत दोघांचंही नाव निघालं तर दोन्ही प्रश्न एकत्र जोडतात.

पैसे कुणी मागितले तर उठून या. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात दोन्ही सभागृहांतल्या मिळून ११ खासदारांना घरी पाठवलं होतं. पुढं २०२३ ला पोर्टलचं लॉगिन दुसऱ्याच्या हाती दिल्याच्या प्रकरणात एका लोकसभा सदस्येची खासदारकी गेली. "पासवर्ड द्या, मीच टाकतो" असं उत्साहानं सांगणारे कार्यकर्ते आमच्याकडंही आहेत, त्यांनी हे वाचावं.

उत्तर आल्यावर

उत्तर त्याच दिवशी संसदेच्या संकेतस्थळावर येतं, हिंदी आणि इंग्रजीत. खासदाराचं नाव, मंत्रालय किंवा तारीख टाकून शोधता येतं. छापून घ्या. बरेच लोक इथं निराश होतात, कारण उत्तरात "काम झालं" असं कधी नसतं. पण उत्तरातले शब्द एकेक करून वाचायचे असतात.

"माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल." "बाब विचाराधीन आहे." "तपासून पाहू." आपल्याला ही टोलवाटोलवी वाटते. संसदेच्या हिशेबात मात्र अशी वाक्यं म्हणजे आश्वासन, आणि आश्वासनाची वेगळी नोंद होते. दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या आहेत. लोकसभेची १९५३ पासून, राज्यसभेची १९७२ पासून. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं, नाही झालं तर खात्यानं समितीकडं मुदतवाढ मागायची, आणि समिती खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारू शकते. तेव्हा उत्तरात असं वाक्य आलं की त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढा, तारीख लिहा, आणि तीन महिन्यांनी खासदाराला लिहा की अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या प्रश्नावरचं आश्वासन पुरं झालं का.

खात्यांनाही हे पाठ आहे. म्हणून मुरलेला अधिकारी "ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे" असं लिहितो. त्यात आश्वासन नाही, तारीख नाही, काहीच नाही. अशा वेळी पुढच्या अधिवेशनात त्याच प्रश्नाचा (इ) भाग, रकमेचा, एकटा विचारावा.

आणि उत्तरात आकडा आला असेल, म्हणजे एवढी रक्कम मंजूर, एवढी खर्च, तर तो कागद घेऊन इथल्या कार्यालयात जा. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर त्यात प्रश्नाचा क्रमांक लिहा. "आमच्याकडं असं काही काम मंजूर नाही" असं म्हणणाऱ्याच्या टेबलावर मंत्र्याचं छापील उत्तर ठेवलं की बोलणं एकदम बदलतं. हे मी बघितलेलं आहे.

बाकीची दारं

घाई असेल तर शून्य प्रहर. पूल खचला, महापूर आला, अशा वेळी खासदार तातडीची बाब म्हणून बोलतो. मंत्री तिथल्या तिथं उत्तर द्यायला बांधील नाही, पण बातमी होते. लोकसभेत नियम ३७७ खाली खासदार आठवड्याला एक बाब लेखी मांडू शकतो, २५० शब्दांच्या आत, आणि त्यावर खात्यानं खासदाराला लेखी कळवायचं असतं. राज्यसभेत त्याला विशेष उल्लेख म्हणतात. प्रश्नाच्या नियमात न बसणारी मागणी इथं बसते, कारण इथं "करावे" असं म्हणता येतं. वरच्या अर्जातली शाळकरी मुलं इथं आणा.

पैशाचं म्हणाल तर ते लोकसभेच्या हातात. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो, मग अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत खात्यांच्या खर्चाच्या मागण्या खासदारांच्या स्थायी समित्यांकडं जातात. समित्या २४, प्रत्येकीत ३१ जण, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, मंत्री एकही नाही. बंद दाराआड बसतात, कॅमेरा नसतो, त्यामुळं तिथं भाषणापेक्षा कामाचं बोलतात, असं माझं मत आहे. आपला खासदार कुठल्या समितीवर आहे ते बघून ठेवा. रेल्वेच्या समितीवर असेल तर भुयारी मार्गाचा कागद त्याला मागण्यांवर चर्चा सुरू व्हायच्या आधी मिळाला पाहिजे. एखाद्या विधेयकावर किंवा विषयावर समिती जाहिरात देऊन लोकांची मतं मागवते, तेव्हा थेट तुम्हीही लिहू शकता. मात्र समितीला दिलेलं निवेदन परस्पर पेपरात छापायला देऊ नका, अहवाल येईपर्यंत ते समितीचं असतं.

रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प २०१७ पासून बंद झाला, तरी कामनिहाय रकमा पिंक बुकात, म्हणजे रेल्वेच्या कामांच्या वार्षिक यादीत सापडतात. कराड–चिपळूण मार्गाबद्दल भाषणं ऐकून ज्यांचे कान किटले आहेत, त्यांनी दरवर्षी पिंक बुक उघडून त्या ओळीपुढचा आकडा बघावा. भाषणापेक्षा तो आकडा खरं बोलतो. खात्याच्या मागणीवर खासदार कपात सूचना देऊ शकतो: "मागणीतून १०० रुपये कमी करावेत". शंभर रुपयांनी रेल्वेचं काही अडत नाही. विशिष्ट तक्रार नोंदवायची ती रीत आहे. सूचना सहसा मंजूर होत नाही, आणि शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. तरी छापून येते.

विनंती अर्ज समितीबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण साखर कारखान्यांतून निवृत्त झालेली मंडळी माझ्याकडं नेहमी येतात. ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्यनिधीच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन त्यांची. त्यांतल्या प्रत्येकाच्या तोंडी "कोशियारी समिती" असते, आणि बऱ्याच जणांना ती सरकारनं नेमलेली समिती वाटते. ती राज्यसभेची विनंती अर्ज समिती होती, भगतसिंग कोशियारी तिचे अध्यक्ष होते, आणि तिच्यापुढं एक विनंती अर्ज आला होता, त्यावर २०१३ ला अहवाल दिला. म्हणजे मुळात एक अर्जच होता! समितीनं किमान ३,००० रुपयांची शिफारस केली. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन झाली १,०००. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, हे त्यातून दिसतं. आणि एवढ्या वर्षांनंतरही आंदोलक त्याच अहवालाचा दाखला देतात, हेही दिसतं.

असा अर्ज करायचा तर त्याचे नियम कडक आहेत. अर्ज सभागृहाला उद्देशून लिहायचा, हिंदीत किंवा इंग्रजीत. मराठीत असेल तर भाषांतर जोडून त्यावरही सही करायची. शेवटी नेमकी मागणी काय ते लिहायचं. कागदपत्रं, शपथपत्रं जोडायची नाहीत, जे सांगायचं ते अर्जातच. खासदाराची प्रतिस्वाक्षरी घ्यायची. कोर्टात चालू असलेली बाब, राज्याची बाब किंवा जिच्यावर कायद्यात दुसरा उपाय आहे अशी बाब चालत नाही. माझ्या वाढीव पेन्शनचा हिशेब चुकला, हा विषय इथला नाही. तो भविष्यनिधी कार्यालयाचा. योजनेतला नियमच बदला, हा इथला.

खासगी विधेयकाचा हट्ट कुणी धरला तर मी समजूत काढते. शुक्रवारी दुपारी अडीच तास त्यासाठी राखलेले असतात, पण आजवर अशी १४ च विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० ला. त्यापेक्षा केंद्राचे मसुदा नियम राजपत्रात निघतात तेव्हा हरकत घ्या. कायदा संसद करते, पण रोज आपल्याला नडतात ते खात्यांनी केलेले नियम, आणि बहुतेक मसुद्यांवर हरकतीला ३० दिवसांसारखी मुदत असते. खासदाराचीही गरज नाही, ईमेल चालतो.

राहिला खासदार निधी. वर्षाला ५ कोटी, त्यातून खासदार काम सुचवतो आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. सभामंडप, शाळाखोली, पाण्याची टाकी यांसाठी तो ठीक आहे, त्याचा अर्ज वेगळा करा. प्रश्नाच्या पानावर खाली "तसेच सभामंडपास निधी मिळावा" असं जोडू नका. पीए सभामंडपाची फाईल उघडतो आणि प्रश्न तिच्यातच जाऊन बसतो.

हिवाळी अधिवेशनासाठी मसुदा दिवाळीआधी तयार पाहिजे. भुयारी मार्गाचं असेल तर खांबाच्या आकड्याचा फोटो, पाणी साठल्याचा तारीख दिसणारा फोटो आणि ग्रामसभेच्या ठरावाची झेरॉक्स एवढंच घेऊन या. सह्यांची तीन पानं घरी ठेवा, ती ३७७ ला उपयोगी पडतील.